सांडाला दिलेली धडक आणि तिची चौकशी

बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, की इलॅस्टिक आणि इनिलॅस्टिक टकरीत फरक काय. मी शिकवण्यांत नेहमी करायची तसं परातीतला कणकेचा गोळा आणि तुमच्या बाबाच्या लहानपणच्या डब्यातली काचेची गोटी घेऊन आले. गोटी फरशीवर सोडली, ती टणकन उडाली. कणीक सोडली, ती बसली ती बसलीच. "गोटी जवळजवळ इलॅस्टिक, कणीक पूर्ण इनिलॅस्टिक," मी म्हटलं. तेवढ्यात मागून तुमचे आजोबा ओरडले, "पोळ्या कशाच्या करणार आता? आणि त्यांना ते सांडाचं सांग की!" तुम्ही "कुठला सांड? कुठला सांड?" असं दोनदा विचारलंत आणि नेट गेलं.

म्हणून लिहिते आहे. आयुष्यभर मुलींकडून प्रयोगवह्या लिहून घेतल्या: आधी उद्देश, मग साहित्य, कृती, निरीक्षण आणि शेवटी निष्कर्ष. हेही त्याच क्रमाने लिहायचं ठरवलं होतं. पण सांड 'साहित्य' या सदरात बसेना. तेव्हा जसं झालं तसं सांगते.

सुरुवात फुलकोबीपासून होते. तीन वर्षांपूर्वी तुमच्या आजोबांनी आपली स्कूटर भाजीच्या ठेल्यावर घातली. ते रेल्वेत गार्ड होते. पस्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून काढली, त्यामुळे पुढे काय आहे हे पाहण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची तरी असते, असा त्यांचा पक्का समज. ठेला उलटला आणि फुलकोबीचे गड्डे गल्लीच्या उतारावरून भोसले घाटाकडे निघाले. दोन गड्डे पायऱ्या उतरून पार गंगेत गेले. आजोबा तेव्हा त्र्याहत्तरचे होते. मी घरी येऊन एक कागद घेतला आणि नियम लिहिला:

"सत्तरी ओलांडलेल्या ज्या व्यक्तीकडून कोणत्याही वस्तूस अथवा प्राण्यास धडक बसेल, तिने स्कूटर चालवणे कायमचे बंद करावे. अपील नाही."

दोघांनी सह्या केल्या आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्यांनी आपली चावी माझ्या हातात दिली, शिट्टी वाजवली आणि म्हणाले, "गाडी आता तुझ्या ताब्यात." त्यांची चावी मी कपाटात टांगली, माझी माझ्याकडे होतीच. त्यानंतर ते मागे बसू लागले. मागे बसून खिशातला हिरवा रुमाल दाखवल्याशिवाय मला निघू देत नसत.

नियम लिहिला तेव्हा मी अडुसष्ट वर्षांची होते. सत्तरी ही दुसऱ्यांना येणारी गोष्ट आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

माझी चावी म्हणजे माझं रामनगर होतं, हे तुम्हाला कळायला हवं. निवृत्त झाल्यावर मी सोमवारी आणि गुरुवारी गंगेपलीकडे रामनगरच्या एका लहानशा मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवायला जाऊ लागले. अकरावीच्या सतरा मुली. त्यांना फिजिक्सला दुसरं कोणी नाही. प्रयोगशाळा म्हणजे एक लोखंडी कपाट, त्यात दोन तराजू, त्यातल्या एकाला पारडंच नाही. स्कूटरवर पूल ओलांडून मी अर्ध्या तासात पोचत असे. स्कूटर नसेल तर आधी गल्लीतून पायी, मग एक ई-रिक्षा, मग दुसरी, आणि पुढे शाळेपर्यंत पुन्हा पायी. माझा डावा गुडघा यातलं पहिलं वाक्य ऐकूनच दुखू लागतो. तुमच्या बाबाने फोनवर सांगून ठेवलं होतं, "आई, स्कूटर आहे तोवर जा. मग पुरे."

आता सांड.

आमच्या गल्लीच्या वळणावर पानवाल्याची टपरी आहे आणि टपरीसमोर रोज सकाळी एक करडा सांड उभा राहतो. गल्लीत त्याला सगळे 'महाराज' म्हणतात. शेजारच्या गुरुजींच्या घरची पहिली पोळी त्याची. हे गुरुजी दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतात. त्यांच्या आजोबा-पणजोबांपासून हे घराणं इथलंच आहे. गुरुजी स्नान करून आले की पोळी येते, पोळी आली की महाराज जातात, महाराज गेले की गल्ली सुरू होते. या वेळापत्रकात रेल्वेपेक्षा कमी चुका होतात, असं तुमचे आजोबाच सांगतात.

त्या गुरुवारी गुरुजींकडे यजमानांचा मोठा गट आला होता आणि पोळीला उशीर झाला. महाराज गल्लीत आडवे उभे. मी एकटीच होते, कारण आजोबांना दात दाखवायला जायचं होतं. मी हॉर्न वाजवला. सांडाला हॉर्न म्हणजे आपल्याला देवळातली घंटा, कानावर पडते आणि बरं वाटतं. मी ब्रेक दाबला. कोणी तरी नुकतीच ओसरी धुतली होती, दगड ओले होते, आणि चाक घसरत पुढे गेलं. त्या दिवशी मी शाळेत टकरीचा धडा घेणार होते असं सांगितलं तर गोष्ट छान जुळेल. पण खोटं कशाला सांगू, धडा घर्षणाचा होता.

धप्प.

पुढचं चाक महाराजांच्या पोटाला लागलं. स्कूटर वीतभर मागे आली आणि मी दोन्ही पाय टेकून उभी. महाराज हलले नाहीत. जिथे चाक लागलं होतं तेवढीच कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझ्या पहिल्या मुख्याध्यापिका अशाच बघायच्या.

पानवाल्याने टपरीतूनच हाक दिली, "मास्टरनी जी, महाराज को परनाम हो गया, अब बगल से निकल जाइए!"

मी बाजूने निघाले. रामनगरला घर्षणाचा धडा इतक्या तळमळीने शिकवला की एका मुलीने विचारलं, "मैम, आपकी तबीयत ठीक है?"

शाळेच्या अंगणात परत स्कूटरशी आले तेव्हा दिसलं, पुढचं मडगार्ड आत दबलं होतं.

पुढे मी जे केलं ते लिहायला हात अडतो, पण निरीक्षण दिसेल तसं लिहायचं असतं. घरी आले. आजोबा दात दाखवून येऊन झोपले होते. मी खलबत्त्यातला बत्ता घेतला, त्याला पंचा गुंडाळला आणि अंगणात बसून मडगार्ड आतून ठोकलं. जवळजवळ सरळ झालं. एक घडी मात्र राहिली, बोटभर लांब. तिच्यावर मी हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. हळदकुंकू पाण्यात कालवलं असतं तर वाळून पडलं असतं, म्हणून तुपात कालवलं.

ज्या बाईने स्कूटर नवी आणली त्या दिवशी लिंबूसुद्धा चाकाखाली ठेवू दिलं नव्हतं, तिने वाहनावर स्वस्तिक काढावं? संध्याकाळी आजोबा अंगणात आले, स्वस्तिकाकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "आज कुठला सण?"

"असंच," मी म्हटलं.

"तुपातलं आहे," ते वास घेऊन म्हणाले. मग पान खायला टपरीवर गेले. पान खायला गेलेला माणूस आमच्या गल्लीत सगळं कळल्याशिवाय परत येत नाही.

रविवारी सकाळी मी बैठकीच्या खोलीत आले तर तिथे चौकशी समिती बसलेली. आजोबांनी गार्डाचा काळा कोट घातला होता. त्याची पोटाकडची दोन बटणं लागत नाहीत, तिथे सेफ्टी पिना. शेजारी गुरुजी, लोकरीची धाबळी पांघरून, हातात चहा. दाराशी स्टुलावर पानवाला, साक्षीदार म्हणून. समोर टेबलावर कपाटाच्या दारावरून सोडवलेला माझा नियम.

"बसा," आजोबा म्हणाले. एकोणपन्नास वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा 'बसा' म्हटलं. "आपला हुद्दा?"

"तुमची बायको."

"चौकशीत नातं चालत नाही."

"मग तो चहा कोणी केलाय?"

गुरुजींनी कप खाली ठेवला. "अहो गार्डसाहेब, हे प्रकरण उभंच राहत नाही. वहिनी, तुम्ही घाबरू नका. नंदीला का कुणी धडकतं? नंदी दर्शन देतो. आमचे यजमान अकोल्याहून येऊन तीन तास लायनीत तिष्ठतात, तुम्हाला ते बसल्या जागी मिळालं. याला धडक म्हणणं म्हणजे पाप."

"आणि मागे मी फुलकोबीला धडकलो ते?" आजोबांनी विचारलं.

"फुलकोबीला शास्त्रात आधार नाही," गुरुजी म्हणाले.

आजोबांनी रजिस्टरात काही लिहिलं. पेन टोपणात घातलं. मला वाटतं, ते तिथेच थांबायला तयार होते. त्यांनी एवढंच लिहायचं होतं, 'दर्शन', की चावी माझी, सोमवार माझा, सतरा मुली माझ्या. मी गप्प बसायचं, बस्स. एवढं एकच काम होतं मला.

"नाही," मी म्हटलं. "टक्कर झाली."

गुरुजींनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी नावेतून स्वतः उडी मारणाऱ्या यजमानाकडे टाकतात.

"झाली," मी म्हटलं, "पण इलॅस्टिक झाली." आणि उभी राहिले, कारण बसून मला शिकवता येत नाही. मी सांगितलं की कुठल्याही टकरीत संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार, एकूण तेवढाच राहतो. एकाने गमावला तर दुसऱ्याला मिळतो. पण टक्कर इलॅस्टिक असेल तर गतीची ऊर्जासुद्धा तेवढीच राहते. कोणी चेपत नाही, कोणी तापत नाही, कोणाचं काही मोडत नाही. भिंतीवर चेंडू मारला की तो परत येतो आणि भिंत आपली भिंतच राहते. महाराज भिंतीच्या जागी, मी चेंडूच्या. मी परत आले, ते जागचे हलले नाहीत. नियम लिहिला तो मोडतोड होऊ नये म्हणून. जिथे काही बदललंच नाही, तिथे नियम कशाला लागेल?

"म्हणजे गोटी," आजोबा म्हणाले.

"गोटी."

"कणीक नाही."

"नाही."

त्यांनी रजिस्टराचं पान उलटलं आणि पानवाल्याकडे वळले. "आवाज आयी थी?"

"काहे नहीं आयी, गार्ड साहब! धप्प! हमरा चूना गिर गया।"

आजोबांनी चष्मा काढला. "तू तीस वर्षं पडद्यापलीकडे मुलींच्या शिकवण्या घेतल्यास. रात्रपाळीहून येऊन मी अलीकडे झोपायचो. झोप कसली. दर वर्षी तेच वाक्य ऐकायचो: टक्कर ऐकू आली, म्हणजे ऊर्जा आवाजात गेली, आणि गेली म्हणजे टक्कर पूर्ण इलॅस्टिक नव्हती. दोन बिलियर्डचे चेंडूसुद्धा टक् करतात, म्हणून तेसुद्धा नाहीत. बरोबर?"

बाळांनो, तेव्हा मला काय वाटलं असेल? रागच यायला हवा होता. पण या माणसाने मॅट्रिकनंतर पुस्तक हातात धरलं नाही, आणि माझ्या सगळ्या विद्यार्थिनींत हे वाक्य इतकं चोख कोणीच परत म्हणून दाखवलं नव्हतं. मी म्हणणार होते, शाब्बास.

त्याऐवजी म्हटलं, "ती ऊर्जा नगण्य असते." नगण्य हा आम्हा शिक्षकांचा धाबळीसारखा शब्द आहे. पांघरला की आत काय आहे ते दिसत नाही.

"मग बघूच," आजोबा म्हणाले, "काय बदललं आणि काय नाही." शिट्टी वाजली आणि समिती घटनास्थळी निघाली.

महाराज वळणावर होतेच. गुरुजी इथे, पोळी तिथे, म्हणजे उशीर. गुरुवारचा प्रसंग पुन्हा करून बघायचा: इंजिन बंद ठेवून गुरुजींनी स्कूटर मागून ढकलायची, मी हँडल धरायचं, पानवाल्याने अंतर सांगायचं, आजोबांनी हिरवा रुमाल दाखवायचा, असं ठरलं. तोवर गल्ली जमली होती. वरच्या खिडकीतून एका बाईंनी विचारलं, "का हो रहा है?" कोणी तरी सांगितलं, "महाराज की जाँच हो रही है।" त्या म्हणाल्या, "अच्छा," आणि चटईची घडी घालू लागल्या. बनारसला एवढं उत्तर पुरतं.

रुमाल हलला. गुरुजींनी "हर हर महादेव" म्हणून ढकललं. स्कूटर मुंगीच्या पावलांनी पुढे गेली आणि महाराजांपासून हातभर अंतरावर पोचली तेव्हा महाराजांनी मान वळवली, नाक पुढे केलं, हुंगलं. आणि चाटायला लागले.

तूप. मी तुपात कालवलं होतं.

खरखरीत, लांबलचक जीभ. पहिल्या फटक्यात स्वस्तिकाचे दोन हात गेले. दुसऱ्यात उरलेले दोन. तिसऱ्यात मडगार्ड आरशासारखं लख्ख, आणि त्याच्या मधोमध बोटभर लांब घडी. महाराजांनी नाकपुडीतून एक श्वास सोडला आणि गुरुजींच्या दाराकडे निघाले. त्यांचं काम झालं होतं.

आजोबा हळूहळू वाकले. घडीवरून बोट फिरवलं. वाकलेलेच राहून माझ्याकडे न बघता म्हणाले, "जुनी असेल. माझ्या वेळची. त्या ठेल्याची असेल."

ती ठेल्याची नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. ठेल्याला लागलं होतं ते डाव्या बाजूला, आणि तो पत्रा त्यांनी स्वतः जाऊन बदलून आणला होता. पण त्यांना सोमवार आणि गुरुवार काय असतात हेही ठाऊक होतं. आदल्या रात्री मी पिशवी कशी भरून ठेवते, स्प्रिंगा कशा मोजते, हे ते दर वेळी बघतात. स्वतःची चावी निमूट दिलेला माणूस माझ्या चावीसाठी वाकून खोटं बोलत होता, आणि तेही रेल्वेचा कोट घालून.

माझ्या मुलींना मी दरवर्षी पहिल्या दिवशी सांगते, की उत्तर चुकलं तर मी गुण कापीन, पण निरीक्षण बदललंत तर वही परत देणार नाही.

"नवी आहे," मी म्हटलं. "गुरुवारची. मी बत्त्याने ठोकून काढली. स्वस्तिक त्याच्यासाठीच होतं."

पानवाला म्हणाला, "अरे राम." गुरुजींनी हात जोडले, मला की महाराजांना ते कळलं नाही.

घरी येऊन मी चावी कपाटात टांगली, त्यांच्या चावीच्या शेजारी. नियमाचा कागद त्यांनी परत आतून चिकटवला. मला तेव्हा रडू आलं नाही. मडगार्ड काढताना आलं, पण ते स्क्रू फार गंजले होते.

सोमवारी सकाळी मी साडेसातला तयार झाले. गल्लीच्या तोंडापर्यंत चालायचं आणि मग गुडघा काय म्हणतो ते बघायचं, असं ठरवलं होतं. दारात तुमचे आजोबा उभे. कोट, शिट्टी, रुमाल. "दोन ई-रिक्षा बदलायच्या आहेत," ते म्हणाले, "गार्ड नको?"

त्यांनी माझी पिशवी घेतली. वळणावर महाराज आडवे होते. आम्ही थांबलो. पोळी आली, महाराज गेले, आम्ही निघालो. पहिल्या रिक्षावाल्याला आजोबांनी हिरवा रुमाल दाखवला तर तो म्हणाला, "बाबूजी, बैठिए ना, यह रेल नहीं है।" पुलावर वारा होता. शाळेत पोचायला एक तास दहा मिनिटं लागली आणि गुडघा दुखलाच.

त्या दिवशी मी क्रम मोडला आणि टकरीचा धडा घेतला. पिशवीतून मडगार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं, बत्त्यासकट. मुली इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गाचे सर बघायला आले. मग पहिल्या बाकावरची मुलगी, जी कधी हसत नाही, तिने विचारलं, "मैम, फिर महाराज को कितना वेग मिला?"

फळ्यावर मांडलं. मी आणि स्कूटर मिळून दीडशे किलो धरले, महाराज सहाशे. माझा वेग चालत्या माणसाएवढा. गणितात महाराजांना कासवापेक्षा थोडा जास्त वेग मिळायला हवा होता. मिळाला का? नाही. का नाही? मागच्या बाकावरून हात वर झाला. काळा कोट, सेफ्टी पिना.

"जी, आप बताइए," मी म्हटलं.

तुमचे आजोबा उभे राहिले. "महाराज चार पैर जमाके खड़े थे," ते म्हणाले, "तो धक्का पैरों से ज़मीन में गया। अकेले महाराज नहीं, पूरा बनारस हिला होगा। लेकिन बहुत कम।"

"कितना कम?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

ते खाली बसले. हे मात्र त्यांनी पडद्याआडून कधी ऐकलं नव्हतं. मी खडू उचलला.